आईला शी कळतच नाही, काय करावं?

आई ७४ वर्षांची. हल्ली पातळ शी नकळत होते, लुगडं खराब होतं. हळदीकुंकवालाही जात नाही. ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं का? जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी देऊ?

— थांबा, गोळी नको! मी वॉर्डात नर्स आहे. म्हाताऱ्या माणसांत बरेचदा उलटंच असतं: गुदाशयात घट्ट मळ अडकतो, कडेने पातळ झिरपतं. गोळीने आणखी आवळेल. डॉक्टर बोटाने तपासून सांगतात. रक्त पडत असेल तर आजच न्या.

— माझा गुदद्वाराचा स्नायू बाळंतपणात फाटलेला. फिजिओथेरपिस्टने आवळायचे व्यायाम शिकवले, बराच फरक पडला. लाजून बसू नका.

— लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांनीही मळ घट्ट होतो.

— हो, चालू आहेत! उद्याच दाखवते.