मेलॉरला गाळून काय मिळवलं? (हाऊस ऑफ द ड्रॅगन, दुसऱ्या सीझनचे स्पॉयलर)

पानोपानी:
दुसरा सीझन कधीच संपला, माझा राग अजून आहे तिथेच आहे. ही मालिका ज्यावर बेतलीय ते जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं ‘फायर अँड ब्लड’ हे पुस्तक न वाचलेल्यांना विचारायचंय: पहिल्याच भागातला तो राजपुत्राचा खून तुम्हाला कसा वाटला?

पुस्तकात राणी हेलेनाला तीन मुलं. जेहेरिस आणि जेहेरा ही जुळी, आणि धाकटा मेलॉर, जेमतेम दोन वर्षांचा. मारेकरी तिला सांगतात, दोन मुलग्यांपैकी एक निवड. ती आधी स्वतःचा जीव देऊ करते. शेवटी मेलॉरचं नाव घेते. मग ते त्या चिमुरड्याला ऐकवतात की तुझ्या आईला तू मेलेला हवायस, आणि मारतात जेहेरिसला! त्यानंतर जिवंत राहिलेल्या पोराच्या तोंडाकडे बघणं तिला जमत नाही.

मालिकेत मेलॉर जन्मलाच नाही. जुळ्यांतला मुलगा कुठला, एवढंच विचारतात. ती गळ्यातला हार देऊ करते, ते ऐकत नाहीत, मग बोट दाखवते. ही निवड झाली का?

बदल नकोतच असं माझं म्हणणं नाही हं. मालिकेतला राजा व्हिसेरिस पुस्तकातल्यापेक्षा सरस आहे, हे खुद्द मार्टिननीही मान्य केलंय.

रात्रपाळी:
मी पुस्तक वाचलेलं नाही. तो प्रसंग बघताना पोटात गोळा आला, नुसत्या आवाजानेच. पण दोनच भागांनी हेलेना स्वतःच्या आईला शांतपणे माफ करते, ते पटलं नव्हतं. इतकी कशी सावरली, असं वाटलं.

झाकलीमूठ:
एवढं लहान मूल सेटवर आणायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जातं. मेलॉर त्यामुळेच गेला, असं मार्टिननी सप्टेंबर २०२४ मध्ये ब्लॉगवर लिहिलं होतं. ती पोस्ट लगेच गायबही झाली. शिवाय पुस्तक म्हणजे एका मेस्टरने, त्या जगातल्या पंडिताने, लिहिलेला इतिहास. त्यात दरबारचा विदूषक मशरूम एक सांगतो, धर्मगुरू सेप्टन युस्टेस दुसरंच. खरं काय घडलं ते मालिका दाखवते, असं समजायचं.

पानोपानी:
मशरूम नि युस्टेसचं जुंपतं ते कोणाचं कोणाशी लफडं होतं, कोणाच्या मनात काय होतं, यावरून. हेलेनाला मुलं किती, यावर दोघांचं एकमत आहे. आणि दोन वर्षांचंच पोर कशाला हवं होतं? दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं चाललं असतं. निवडायचं आईला होतं, त्याला बोलायचं थोडंच होतं!

आणि पुढचं काय? मेलॉरला लपवून नेताना बिटरब्रिजला तो जमावाच्या तावडीत सापडतो. त्याचा सूड म्हणून हेलेनाचा भाऊ डेरॉन ते गाव जाळतो. मशरूमच्या म्हणण्याप्रमाणे त्या मरणाची हकीकत ऐकूनच हेलेना खिडकीतून उडी घेते, आणि मग राजधानीत दंगल पेटते. आता हे सगळं कशावर टांगणार?

रात्रपाळी:
अगं, वर दुसऱ्या सीझनचे स्पॉयलर म्हणाली होतीस ना!

झाकलीमूठ:
मेलॉरच नाही, तर स्पॉयलर कसला?