टेल्युरिक आम्लाचे सूत्र सल्फ्युरिक आम्लासारखे का नाही?

प्रश्न : गंधक आणि टेल्युरियम ही दोन्ही मूलद्रव्ये आवर्तसारणीच्या १६व्या गणातील असल्यामुळे सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट या धर्तीवर टेल्युराइड, टेल्युराइट, टेल्युरेट ही नावे पडली, हे समजते. मात्र सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू असताना टेल्युरिक आम्लात दोहोंचे सहा-सहा अणू दाखवले आहेत. ही छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. नावाचा प्रत्यय टेल्युरियमचा ऑक्सिडीकरण अंक (बंध जोडताना अणूने गमावलेल्या वा मिळवलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब) सांगतो : टेल्युराइडमध्ये तो −२, टेल्युराइटमध्ये +४ आणि टेल्युरेटमध्ये +६ असतो, अणूभोवती ऑक्सिजन किती, हे त्यावरून ठरत नाही. टेल्युरियमचा अणू गंधकापेक्षा बराच मोठा असून ऑक्सिजनशी दुहेरी बंध जोडण्याकडे त्याचा कल कमी असतो, त्यामुळे त्याच्याभोवती सहा हायड्रॉक्सिल (OH) गट अष्टफलकाच्या शिरोबिंदूंवर बसतात. शेजारच्या आयोडीनच्या परआयोडिक आम्लातही सहा ऑक्सिजन असतात. या रचनेचा परिणाम आम्लतेवरही होतो. सल्फ्युरिक आम्ल तीव्र, तर टेल्युरिक आम्ल ॲसेटिक आम्लापेक्षाही सौम्य. नावांच्या साम्यावरून गुणधर्म ताडू नयेत, असे मला तरी वाटते.

उत्तर : आकाराचा मुद्दा हेक्झाफ्लुओराइडांतही (सहा फ्लुओरीन अणू जोडलेल्या संयुगांतही) दिसतो. सल्फर हेक्झाफ्लुओराइडवर पाण्याचा सहसा परिणाम होत नाही, पण टेल्युरियम हेक्झाफ्लुओराइडचे पाण्यात हळूहळू विघटन होऊन हेच टेल्युरिक आम्ल तयार होते, कारण मोठ्या अणूपर्यंत पाण्याचा रेणू पोहोचू शकतो. जाता जाता, ‘टेल्युराइट’ या शब्दाबाबत सावध राहावे : क्षारांखेरीज टेल्युरियम डायऑक्साइडच्या एका खनिजाचेही तेच नाव आहे. ऑक्सिडीकरण अंक दोन्हीकडे +४ असल्याने घोळ सहज ध्यानात येत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग काही ठिकाणी ‘ऑर्थोटेल्युरिक’ असे का लिहितात?

उत्तर : ‘ऑर्थो’ हा उपसर्ग सर्वाधिक हायड्रॉक्सिल गट असलेल्या रूपाला लावतात. या आम्लाच्या सूत्रातून पाण्याचे दोन रेणू वजा केले, तर सल्फ्युरिक आम्लाच्या साच्यातले सूत्र उरते, आणि टेल्युरेट क्षार दोन्ही प्रकारच्या सूत्रांचे आढळतात. संदिग्धता मुळीच नको असेल, तर रचनेवरून ‘हेक्झाहायड्रॉक्सिडोटेल्युरियम’ असेही म्हणता येते, जरी ते उच्चारायला जड असले तरी.