मदत हवी आहे: 40 पोरांसाठी पौष्टिक पाकिटात काय घालावं? (तातडीचं)

मिरजेचा_बाळू
नमस्कार मंडळी. आमच्या क्लबचा कुपोषणमुक्तीचा कार्यक्रम येत्या रविवारी आहे. 40 पाकिटं करायची आहेत. यंदा सचिव मी, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात. राजगिरा लाडू, चिक्की आणि अजून काय घालावं? पटकन सांगा, शुक्रवारी बाजार करायचाय. एका पाकिटाला साधारण 150 रुपये पडले तर चालतील. लेक्चर नको, यादी हवी.

जत_कडचा
पोरं किती वर्षांची? कुठली? एकदाच देणार की दर महिन्याला?

भडंगप्रेमी
भडंग घाला की राव. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, सगळं आलं. जयसिंगपूरहून घाऊक आणलंत तर स्वस्त पडेल.

मिरजेचा_बाळू
@जत_कडचा लहान आहेत सगळी. अंगणवाडीच्या वयाची, त्याच्या खालचीही असतील. एकदाच.

आजी_विट्याची
बाळू, अंगणवाडीच्या खालची म्हणजे दीड-दोन वर्षांची ना? मग भडंग आणि चिक्की दोन्ही राहू दे. अख्खा शेंगदाणा एवढ्या लेकराच्या घशात अडकतो. माझ्या नातवाला उलटा धरून पाठीवर थापा मारल्या होत्या, अजून अंगावर काटा येतो. शेंगदाण्याचं कूट करून लाडूत घाला.

भडंगप्रेमी
आजी, भडंगातले शेंगदाणे काढून द्यायचे. एवढं काय.

कोकणातून_सांगलीत
शेंगदाणे काढले तर ते भडंग कसलं?

आरोग्यवाला_निवृत्त
35 वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, म्हणून दोन शब्द. पाकिटात काय घालायचं हे नंतर, आधी किती पोरं खरंच कुपोषित आहेत ते बघा. 6 महिने ते 5 वर्षं वयाच्या पोराच्या डाव्या दंडाला पट्टी लावायची, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. 11.5 सेंटीमीटरच्या खाली आलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. 11.5 ते 12.5 पिवळं. त्यावर हिरवं. पट्टी अंगणवाडीत असते, मागितली तर मिळते. हे केलं नाहीत तर 40 पोरांना एकच लाडू देऊन घरी याल, आणि ज्याला दवाखान्याची गरज आहे तो लाडू खाऊन तिथंच राहील.

मिरजेचा_बाळू
सर, लेक्चर नको म्हटलं होतं. 😅 पण बरं सांगितलंत. एक अडचण आहे, या पोरांची अंगणवाडी नाही.

जत_कडचा
अंगणवाडी नाही असं कसं? कुठं राहतात ती?

मिरजेचा_बाळू
आष्ट्याच्या पुढं, रस्त्याकडेला. ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आहेत. मला वाटलं मी सांगितलंय.

जत_कडचा
नाही सांगितलंत! 🤦 ही गोष्ट सगळ्यात आधी यायला हवी होती. ती मंडळी दिवाळीनंतर येतात आणि गाळप संपलं की बीडकडं परत जातात. एकदा पाकीट देऊन काय होणार?

कराडची_सेविका
मी अंगणवाडी सेविका आहे, म्हणून लिहिते. एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 पासून आहे आणि गावात आलेल्या परगावच्या लेकरालाही आहार मिळू शकतो. त्यासाठी यादीत नाव चढवावं लागतं आणि मूळ गावाकडून स्थलांतराची नोंद व्हावी लागते. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला घरी न्यायचा आहार, तीन ते सहाच्या पोरांना अंगणवाडीत गरम आहार. आता घरी न्यायचा आहार देताना मोबाईलवर आईचा चेहराही जुळवावा लागतो, आणि ती आई पहाटे तीनला फडात गेलेली असते. मी एकदा संध्याकाळी सातला टॉर्च घेऊन कोप्यांवर गेले होते. तिथल्या गावच्या सेविकेला गाठा, पर्यवेक्षिकेला कळवा. क्लबवाल्यांनी पाकीट देण्यापेक्षा तिच्याबरोबर फिरायला एक गाडी दिली तर जास्त उपयोग होईल.

भडंगप्रेमी
मग अंडी द्या. उकडून.

शाकाहारी_सातारा
सगळ्यांना अंडी का? काही घरी चालत नाहीत. दूध, गूळ, नाचणी आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या आहे.

भडंगप्रेमी
एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. नाचणी कितीही खा, अंड्याची सर नाही.

आजी_विट्याची
भांडू नका रे. आईबापांना विचारा ना, खातात का ते. टोळीतली बरीचशी लोकं खातात. त्यांच्याशी बोलला तरी का कुणी?

आरोग्यवाला_निवृत्त
अंडं असो वा नाचणी, लहान पोटाला तेल-तूप विसरू नका. एक ग्रॅम स्निग्धात नऊ कॅलरी, पिठात साधारण साडेतीन. वरणभातावर चहाच्या चमच्याने एक चमचा तेल म्हणजे सुमारे 45 कॅलरी, आणि पोट फुगत नाही. पोर दोन घासातच कंटाळतं, तेव्हा हाच चमचा कामी येतो.

फोटोग्राफर_नको
मला एकच विचारायचंय, फ्लेक्स छापलाय का? दरवर्षी तेच. पाहुणे, हार, पोरांना रांगेत उभं करून पाकीट हातात आणि फोटो. पाकिटापेक्षा फ्लेक्स महाग.

कृष्णाकाठी_जुना
फोटोवाले म्हणून सगळ्यांना एका पारड्यात घालू नका. पोलिओच्या रविवारी बूथवर सकाळी आठला उभी राहणारी माणसं मी पाहिली आहेत. रोटरीने 1985 साली पोलिओप्लस सुरू केलं, आणि 27 मार्च 2014 ला भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. उगीच नाही झाला. ती कामं वर्षानुवर्षं चालली म्हणून झाली. आणि 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत पहिली होडी कुणाची आली होती? तालमीतल्या पोरांची. बिस्किटांचे ट्रक मागाहून आले.

फोटोग्राफर_नको
पुराचं इथं काय काढलंत काका? ट्रकभर बिस्किटं आम्हीही खाल्ली.

मिरजेचा_बाळू
फ्लेक्स छापलाय. तोंड फिरवू नका, विषयाकडं या. आता नवी भानगड. एका सदस्याने पोरांसाठी प्रोटीन पावडरचे 40 डबे आधीच आणले आहेत, चॉकलेट चवीचे. सवलतीत मिळाले म्हणे. शिवाय एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी डब्याचं दूध आणि बाटल्या द्यायचा विचार आहे. हे पाकिटात घातलं तर चालेल ना?

आरोग्यवाला_निवृत्त
बाटल्या आणि डब्याचं दूध? थांबा. असं वाटप करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. अनाथालयाचा अपवाद आहे, आणि टोळी काही अनाथालय नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. कोपीत पाणी टँकरचं, चूल तीन दगडांची, बाटली उकळायची कुठं? डबा पुरवायचा म्हणून आई चार चमच्यांच्या जागी दोन टाकणार. आठवड्यात हगवण सुरू, आणि अंगावरचं दूध तोवर कमी झालेलं.

जत_कडचा
पावडरच्या डब्यामागची यादी वाचा. ज्याचं वजन जास्त ते नाव आधी छापलेलं असतं. पहिलं नाव साखर असलं तर प्रोटीन म्हणून साखरच वाटताय.

मिरजेचा_बाळू
आत्ताच बघितलं. पहिलं नाव साखर.

भडंगप्रेमी
म्हणजे शेवटी भडंगच बरं.

*(तीन दिवसांनी)*

मिरजेचा_बाळू
काय झालं ते सांगतो. रविवारी कार्यक्रम केला नाही. अध्यक्ष भडकले, पाहुण्यांना सांगून झालं होतं. मी आणि आमचे खजिनदार सकाळीच त्या गावच्या सेविकाबाईंना गाठून कोप्यांवर गेलो. माणसं फडात. कोपीत होती एक आठ-नऊ वर्षांची पोरगी, भावाला कडेवर घेऊन. चुलीशेजारी परातीत दोन भाकरी आणि लाल चटणी, दुपारची सोय तेवढीच. दुपारी आया आल्या तेव्हा माप घेतलं. 31 पोरं मिळाली, 40 हा आकडा टोळी आणणाऱ्या मुकादमाने फुगवून दिला होता. पाच पिवळी. एक लाल, कडेवरचाच. पट्टी 11.2 वर थांबली. बाईंनी दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघितला, खड्डा राहिला नाही, म्हणजे सूज नव्हती. आई म्हणाली, "तो पहिल्यापासनंच बारीक हाय."

आता खरा प्रश्न. बाई म्हणतात, पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागेल आणि आईला सोबत राहावं लागेल, साधारण 14 दिवस. आई म्हणते, मुकादम एका दिवसाला हजार रुपये खाडा लावतो, म्हणजे कामावर न आल्याचा दंड. नवरा-बायको मिळून एक कोयता, ती नसली तर कोयता अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली आहे. काय करू?

कराडची_सेविका
केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती खाड्याएवढी नसते. तुम्ही पाकिटांचा खर्च वाचवलाय ना? तो तिकडं वळवा.

हिशेबनीस_वाळवा
चांगला विचार, पण मुकादमाच्या हातात पैसे देऊ नका. एकदा खाडा भरणारा सापडला की पुढच्या वर्षी टोळीतल्या प्रत्येक आजारपणाचा दर वाढतो. थेट आईला द्या, तेही दर दोन दिवसांनी.

जत_कडचा
आणि क्लबच्या वहीत काय लिहिणार? खाड्याची पावती मिळत नाही.

मिरजेचा_बाळू
खजिनदार हेच विचारतायत. पाकिटांचे सहा हजार होते, 14 दिवसांचे 14 हजार होतात. बाकी मी आणि दोघंतिघं मिळून घालतोय. वहीत "बालआरोग्य साहाय्य" लिहू, सेविकाबाईंच्या सहीचा कागद जोडू.

आरोग्यवाला_निवृत्त
बरं केलंत. पाच पिवळ्यांना विसरू नका. दर आठवड्याला पट्टी लावा, तीच पोरं लाल होतात. आणि जंताच्या गोळ्या स्वतःहून वाटू नका, ऑगस्टला गावाकडं मिळाल्या का ते आधी विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला तर देतच नाहीत.

आजी_विट्याची
ती मोठी पोरगी शाळेत जाते का रे बाळू?

मिरजेचा_बाळू
नाही. तीच भावाला सांभाळते. आता तिची आजी बीडहून उद्या येतेय तिच्यासोबत राहायला, तिचं एसटीचं तिकीट मी काढलं. सोमवारी सकाळी नऊला स्टँडवर सेविकाबाई, आई आणि पोरगा, तिघांना घेऊन निघतोय.

पावडरचे 40 डबे माझ्या पलंगाखाली आहेत. दुकानदार परत घेत नाही, बायको रोज विचारतेय. कुणाला काही सुचतंय का?

भडंगप्रेमी
आमच्याकडं भडंग आहे, अदलाबदली चालेल का?