स्कुबासाठी मालवण पुरे की मालदीवच हवं?

खाडीकर: ऑफिसातल्या एका जोडप्याने मालदीवच्या रिसॉर्टवर पाच रात्रींचे अडीच लाख मोजले. पाण्याखाली किती वेळा गेले? एकदा! तेही ट्राय डाइव्ह, म्हणजे मागून हवेची टाकी धरून प्रशिक्षकाने फिरवून आणलं. तेच आम्ही मालवणला माणशी दीड हजारात केलं. कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एसटी, घरगुती खोली, रात्री सुरमईचं ताट. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी नांगरली आणि पाच मिनिटांत पिवळे-काळे पट्टेवाले मासे तोंडासमोर. अडीच लाखांची खोली पाण्याखालून दिसते का?

निळीशाई: ते मासे तुमच्या प्रेमाने आलेले नसतात हो. पोरं हातात ब्रेड धरून बोलावतात. मी दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. आधीच्या माणसाच्या तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा घ्यायचं तोंडातलं साधन, समुद्राच्या पाण्यात बुचकळून माझ्या हातात. शिकवणी दोन मिनिटांची: अंगठा वर म्हणजे वर जायचं. नाक दाबून कानातला दाब कसा सोडायचा, हे कुणी सांगितलंच नाही. आठ दिवस कान ठणकत होता. पाणीही गढूळ. यापेक्षा पैसे साठवून एकदाच चांगल्या ठिकाणी गेलेलं बरं.

खाडीकर: दिवाळीत तिथे जत्रा असते. जानेवारीत, आठवड्यातल्या मधल्या वारी जा. बाकी कानाचं मान्य, ती हयगयच.

अठरामीटर: दोघंही ट्राय डाइव्हवरच भांडताय. मी अंदमानात, स्वराज द्वीपवर (जुनं हॅवलॉक) ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्वतः डाइव्ह करायला शिकवणारा पहिला कोर्स, केला. पंखा करकरणारी खोली, सामाईक संडास, पण प्रशिक्षकाच्या फीमध्ये घासाघीस केली नाही. आता 18 मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येतं, मागून टाकी धरायला कुणी लागत नाही. काटकसरवाले फसतात ते परतीच्या तिकिटात: सकाळी डाइव्ह, दुपारचं स्वस्त विमान. शेवटच्या डाइव्हनंतर 18 तास तरी विमानात बसू नये. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तेव्हा एक रात्र जास्त धराच.

आईसोबत: मी रिसॉर्टवालीच. आईचे गुडघे गेलेत. होडीतून उलटी पडून पाण्यात शिरणं तिला जमणारं नव्हतं. आमच्या रिसॉर्टच्या धक्क्याच्या पायऱ्या उतरल्या की समोरच प्रवाळ. तिने स्नॉर्कल (पाण्याबाहेर टोक राहणारी श्वासाची नळी) लावून कासव पाहिलं, वर आली आणि मास्क न काढताच बडबडत सुटली. प्रत्येकाने एसटीत घामाघूम व्हायचं व्रत घेतलेलं नाही.

अठरामीटर: आईंचं पटलं. पण मालदीव म्हणजे रिसॉर्टच, हे आता राहिलं नाही. माफुशी, धिगुराह अशा वस्तीच्या बेटांवर साधी गेस्टहाउसं आहेत. धिगुराहजवळ व्हेल शार्क दिसतात. दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फिरायला ठरलेला किनाराच. सरकारी फेरी स्वस्त, फक्त शुक्रवारी असेलच असं नाही.

निळीशाई: हे माहीत नव्हतं. रिसॉर्टच्या आकड्याला घाबरूनच मी तीन वर्षं पुढे ढकलतेय.

खाडीकर: मलाही नव्हतं. तिथे जेवायला काय? सुरमई?

अठरामीटर: ट्यूना. सकाळी ट्यूना-खोबरं, दुपारी ट्यूना, रात्री ट्यूनाच. कोकमाचं आगळ घरून न्या.