मदत हवी आहे: हैतीच्या स्त्रियांची गाणी आईपर्यंत कशी पोचवू?

नमस्कार मंडळी. आई सोलापूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आली आहे. पुढच्या महिन्यात इथे एक छोटी मैफल आहे. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि बासरी, त्यासोबत हैतीच्या स्त्रियांची गाणी. मी तिकिटं काढली आहेत.

तयारी म्हणून आम्ही दोघी रोज रात्री हैतीयन-अमेरिकन बासरीवादक आणि गायिका नाताली जोआकिम यांचा २०१९ चा 'फाम दायिती', म्हणजे 'हैतीच्या स्त्रिया', हा अल्बम ऐकतो. एमेरांत द प्रादिन, तोतो बिसेंत, कारोल देमेस्मे या गायिकांचा वारसा त्यात आहे. जोआकिम यांच्या घराण्याच्या 'दांतां' नावाच्या गावातल्या मुलींचा समूहस्वरही आहे. तो सुरू झाला की आई हातातलं काम थांबवते. काल म्हणाली, "अगं, आमच्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच आहे हे. शब्द काय गं यांचे?"

इथेच माझं अडतं. गाणी क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या हैतीच्या भाषेत आहेत. कॉलेजात शिकलेल्या फ्रेंचवर मला एखाददुसरा शब्द लागतो, पण व्याकरण अगदी वेगळं आहे.

कुणाला क्रेओल येतं का, किंवा हैतीचे शेजारी, सहकारी आहेत का? दोन-तीन गाण्यांचा नुसता भावार्थ मिळाला तरी मी तो मराठीत लिहून आईच्या हातात देईन. शिवाय अशा मैफलीत मध्येच दाद दिलेली चालते का? आई "वाह" म्हटल्याशिवाय राहायची नाही, आणि तिला गप्प बसवणं माझ्या जिवावर येतं.