मदत हवी आहे: डिस्चार्ज कार्डावर ल्युकेमियाचा चुकीचा कोड, क्लेम अडकलाय

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. माझ्या धाकट्या भावजींना ताप, हिरड्यांतून रक्त असं सुरू झालं आणि तपासण्यांत ब्लड कॅन्सर निघाला. पहिली केमो झाली, तब्येत सावरतेय. अडलंय ते कागदांवर.

पहिल्या डिस्चार्ज कार्डावर ‘ॲक्यूट ल्युकेमिया’ (झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर), आजाराचा कोड सी९५.०. फ्लो सायटोमेट्रीचा रिपोर्ट तेव्हा यायचा होता, पेशींचा प्रकार कळलेला नव्हता, म्हणून ते ठीक. पुढे बी-सेल एएलएल (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) आलं, शिवाय बीसीआर-एबीएल हा जनुकीय बदल पॉझिटिव्ह, म्हणून केमोबरोबर इमॅटिनिब हे औषध सुरू झालं. डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात ‘पीएच पॉझिटिव्ह बी-एएलएल’ लिहिलंय (पीएच म्हणजे फिलाडेल्फिया क्रोमोसोम, बीसीआर-एबीएल त्यावरच असतं). पण दुसऱ्या कार्डावर कोड पडला सी९२.१. तो तर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा (सीएमएल), म्हणजे हळूहळू वाढणाऱ्या प्रकाराचा!

टीपीएनं (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) नेमकं तेच धरलं. आजार क्रॉनिक, म्हणजे पॉलिसीच्या आधीपासूनचा, जुने कागद आणा. अहो, कुठले जुने कागद? सव्वीस वर्षांचा मुलगा, आजारी पडेपर्यंत रोज पीथमपूरला कामावर जात होता. बिलिंग काउंटरवर सांगतात, ‘मॅडम, इमॅटिनिब म्हणजे सीएमएलच.’

सासूबाईंची एफडी मोडून बिल भरलंय आणि पुढची केमो तोंडावर आलीय. दोन्ही कार्डं बदलून घ्यायची का? अर्ज कुणाकडे करायचा? कृपया जाणकारांनी सांगा.

उत्तर:

ताई, मी मेडिकल रेकॉर्डमध्येच काम करते. तुमचं बरोबर आहे. आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) पीएच पॉझिटिव्ह असलं तरी एएलएलचा कोड सी९१.० च. इमॅटिनिब दोन्ही आजारांत देतात, औषधावरून कोड ठरत नाही, डॉक्टरांच्या निदानावरून ठरतो.

पहिलं कार्ड अजिबात बदलू नका. त्या तारखेला जेवढं माहीत होतं तेवढंच त्यात आहे, आणि जुना कागद बदलला की शंका वाढते. दुसऱ्यासाठी मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खाडाखोड नको, तारीख आणि डॉक्टरांची सही असलेली सुधारित डिस्चार्ज समरी मागा.

आणखी एक, हे महत्त्वाचं. जुना सीएमएल कधी कधी लिम्फॉइड ब्लास्ट क्रायसिसमध्ये, म्हणजे एकदम तीव्र टप्प्यात, जातो आणि तेव्हा तो एएलएलसारखाच दिसतो. विमा कंपनीचे डॉक्टर हे विचारू शकतात. म्हणून हिमॅटॉलॉजिस्टकडून (रक्तविकारतज्ज्ञ) वेगळं प्रमाणपत्र घ्या: निदान पहिल्यांदा कधी झालं, आणि हा ‘डी नोव्हो’ (नव्यानेच झालेला) एएलएल आहे, आधीचा सीएमएल नाही. कामावर लागताना किंवा नंतर भावजींचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) झाला असेल तर तो शोधाच. त्यात पांढऱ्या पेशी नॉर्मल असतील तर मोठा आधार होईल. फ्लो सायटोमेट्री आणि बीसीआर-एबीएलचे रिपोर्ट सोबत जोडा.

हे सगळं टीपीएबरोबर विमा कंपनीच्या तक्रार कक्षालाही पाठवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर मध्य प्रदेशासाठी विमा लोकपाल भोपाळला आहेत. तिथे वकील लागत नाही.