प्रकाशाने जंतू मारणारं कापड आणि पावसाळ्यातला कुबट वास

खाडीकाठ : "टायटॅनियम डायऑक्साइड चढवलेले कपडे घ्या, पावसाळ्यात कुबट वास विसरा," असं या चर्चेत वर कुणीतरी ठोकून दिलंय, म्हणून लिहितोय. हे टायटॅनियम उजेडात रॅडिकल, म्हणजे जंतू मारणारे अतिक्रियाशील कण, तयार करतं. त्याचा ॲनाटेझ हा स्फटिकप्रकार कामाला लागायला साधारण ३८७ नॅनोमीटरखालचे किरण लागतात, म्हणजे अतिनील. जुलैत रत्नागिरीत कपडे वाळतात पडवीत नाहीतर एलईडीखाली घरात. एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच. कपाटात तर काळोख! शिवाय सुती कापडावर थेट चढवलं तर तेच रॅडिकल सुताचं सेल्युलोज खातात. मध्ये सिलिकाचा थर दिलाय का, हे आधी विचारा.

रंगारी मालवण : टायटॅनियम म्हणजेच अख्खं तंत्र समजून झोडपू नका. 'रोज बेंगाल' नावाचा गुलाबी रंगही उजेडात जंतू मारतो आणि त्याला साधा उजेड पुरतो. तो ५५० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि पांढऱ्या एलईडीत तो भाग भरपूर असतो.

खाडीकाठ : मुद्दा वासाचा चाललाय. तो वास करणारा ओळखीचा जंतू मोराक्झेला ओस्लोएन्सिस, ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून जादा आवरण असलेल्या गटातला. त्याच्या बाहेरच्या आवरणावर ऋणभार, रोज बेंगालवरही ऋणभार, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलणार. रंग उजेडात जो जंतुमारक सिंगलेट ऑक्सिजन बनवतो, तो पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, रंग जंतूला भिडला नाही तर उपयोग काय? मिथिलीन ब्ल्यू हा धनभारित रंग भिडेल, पण तो शोषतो ६६० च्या आसपास, तिथे एलईडी उणा.

पडवीतली दोरी : आधी ते सॉफ्टनर बंद करा! त्याचा स्निग्ध थर धाग्यावर बसतो, टॉवेल पाणी शोषत नाही, जंतू मारणारा लेपही झाकला जातो. वास येतो कापड तासन्‌तास ओलं राहिल्यामुळे. मशीनमध्ये दुसऱ्यांदा स्पिन करा. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. जीन्स उलटी करा, खिसे बाहेर काढा, कमरेची पट्टी वर ठेवून नळीसारखी उघडी टांगा आणि खालून टेबलफॅन लावा. चादर चार पदरी टाकली की मधले पदर वास धरणारच.

रंगारी मालवण : हवेतच ९० टक्के दमटपणा असला तर पंखा काय करणार? खोली बंद करून डीह्युमिडिफायर लावावा लागतो. सुती टॉवेल, चादरी ६० अंशांवर धुवा, बरेचसे जंतू तिथेच मरतात.

पडवीतली दोरी : वीज गेली की डीह्युमिडिफायर नुसता खोका. वीज असताना एकाच खोलीत दोन बादल्या कपडे कोंबले तर तोही पुरत नाही. आधी पिळा नीट!

रंगारी मालवण : बरं, घरच्या वासासाठी रोज बेंगाल कमी पडेल, मान्य. पण दवाखान्याच्या पडद्यांवर दिवसभर उजेड असतो, तिथे हे तंत्र मोडीत काढू देणार नाही.

खाडीकाठ : मग टायटॅनियमवाल्यांकडे आयएसओ १७०९४ या जंतुनाशक चाचणीच्या मानकाचा अहवाल मागा, तो घरातल्या उजेडाचा. आयएसओ २७४४७ चा अतिनीलखालचा असतो आणि जाहिरातीत तोच पुढे करतील. काळोखातल्या नमुन्याचा आकडा शेजारी हवा. रंगवाल्यांकडे उजेडात रंग विटल्यानंतरचा मागा. दोघांकडेही धुतल्यानंतरचा.